वेगळं मीटर

स्वयंपाकघरातल्या बोर्डानं त्या सकाळी करुणाला झटका दिला नसता, तर पहाडसिंगपुऱ्यातल्या हिवराळ्यांच्या घरात वायरमन आणखी वर्षभर तरी आला नसता. वरच्या मजल्याच्या विटांच्या भिंती उभ्या होत्या, स्लॅब टाकून झाला होता, पण प्लास्टर कधी, फरशी कधी, लाईट कधी, असं विचारलं की आकाशचं उत्तर ठरलेलं, "बघू की."

करुणानं शेंगदाण्याच्या चटणीसाठी मिक्सर लावला. बोर्डात चर्र झालं, निळी ठिणगी उडाली आणि करुणा धाडकन मागं. हातातलं भांडं खाली, कूट सगळ्या ओट्यावर. "अगं माय!" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

बाहेरच्या खोलीतून कडूबाई काठी टेकत आल्या. आधी थोरली सून धड उभी आहे का ते बघितलं, मग काळ्या पडलेल्या बोर्डाकडं बघितलं, आणि मग डोळे चोळत आलेल्या धाकट्या लेकाकडं.

"आकाश, हिला काही झालं असतं म्हंजे?"

"आई, बघतो मी..."

"बघायला तुला दोन डोळे कव्हाचेच दिलेत. आज वायरमन आण. उद्या नाय, आज!"

आता वायरमन म्हणजे काय, कोपऱ्यावर जाऊन कोथिंबिरीची जुडी आणावी तसा मिळतो का? पहिला आला तो दारातूनच मान आत घालून "होऊन जाईल" म्हणाला आणि गेला तो गेलाच. दुसऱ्यानं मोबाईलवर कुठल्याशा बंगल्याच्या छताचे फोटो दाखवले, सगळीकडं निळे-जांभळे दिवे. कडूबाई म्हणाल्या, "बाबा, आम्हाला राह्यचंय हितं, वरात नाय काढायची." तिसरा मुजीब. सिल्लोडचा. अंगानं आडवा, तोंडानं फटकळ. त्यानं बोर्ड उघडला, आतल्या वायरी बघितल्या आणि कपाळावर हात मारला.

"अम्मा, ये बोर्ड नै, बम है! इत्ते साल तुम लोगां जिंदे कैसे रहे?"

"ह्यालाच ठेवा," कडूबाई म्हणाल्या. "ह्यो खरं बोलतोय."

ठरलं ते असं. सगळ्या घराचं वायरिंग नव्यानं, खालचं आणि वरचं एकदमच.

मग त्या संध्याकाळी मुजीबनं सगळ्यांना समोर बसवून घेतलं. ज्याला जे पाहिजे ते आत्ता बोला, म्हणाला. नंतर भिंतीला प्लास्टर झाल्यावर "इथं एक पॉइंट राहिला" असं कुणी म्हटलं तर मी गावाला निघून जाणार. कडूबाईंनी पहिला नंबर लावला. हॉलमध्ये बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोवर नीट उजेड पाहिजे, काचेवर चमक न मारणारा. करुणाच्या पुण्याला शिकणाऱ्या लेकीनं, अमृतानं, फोनवरून आपली लटकती लाईट सांगितली. करुणाची धाकटी जाऊ सोनिया रोज सिल्लोडच्या पलीकडं झेडपीच्या शाळेवर अप-डाऊन करायची. तिला फक्त पलंगावरून हात पोचेल असं पंख्याचं बटन पाहिजे होतं.

"और भाबी, आप कू?" मुजीबनं करुणाला विचारलं.

"मला काय लागतंय? एक बल्ब पुरे."

हे करुणाचं जुनंच. गल्लीभराचे ब्लाऊज शिवायची, पण साडी घ्यायला नेलं तर 'हाय की मला', जेवायला बसवलं तर 'तुम्ही घ्या आधी'. आकाशनं तिच्याकडं बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते करुणाच्या लक्षात आलं, पण तेव्हा तिनं ते मनावर घेतलं नाही.

मनावर घ्यायची वेळ आली शनिवारी दुपारी.

वर मुजीबचं खडूनं खुणा करायचं काम चाललं होतं. कुठं बटन, कुठं पंखा, कुठून पाईप न्यायचा, ते सगळं विटांवर आखायचं आणि सोमवारपासून त्या रेघांवर झिरी मारायची, म्हणजे भिंतीत खाच पाडायची. आकाशनं त्यासाठी सुट्टी टाकली होती, सोनियालाही शाळेतून लवकर येता आलं होतं. करुणा चहाचा ट्रे घेऊन जिना चढली. अर्ध्या जिन्यावर असताना तिला आकाशचा आवाज आला.

"मीटर वेगळंच घ्यावं लागंल. वहिनीच्या नावानं."

करुणाचा पाय पायरीवरच राहिला.

"ताई ऐकायच्या नायत हो," हा सोनियाचा आवाज.

"म्हणून तर आत्ता सांगायचं नाय. एकदा मीटर बसलं, की मग काय बोलंल ती?"

कपातला चहा ट्रेमध्ये सांडला. करुणानं पदरानं ट्रे पुसला, दोन पायऱ्या खाली उतरली, आणि मुद्दाम बांगड्या वाजवत परत वर गेली. वर गेल्यावर तिघंही एकदम भिंतीवरच्या खुणा बघायला लागले. सोनियानं ट्रे घेतला, पण ताईच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

आता 'वेगळं मीटर' या शब्दात घाबरण्यासारखं काय, असं कुणी परगावचा विचारील. पण त्या गल्लीत या शब्दाला वेगळाच अर्थ होता. समोरच्या भामाबाईंच्या घरात आधी मीटर वेगळं झालं. मग चूल वेगळी झाली, मग गेट. आता भामाबाई अर्धा महिना खाली जेवतात आणि अर्धा महिना वर. तेव्हापासून गल्लीत कुणी 'त्यांचं मीटर वेगळं झालं' म्हटलं, की ऐकणारा हळहळायचा. घर फुटलं असं तोंडानं म्हणवत नाही, म्हणून मीटरवर निभावून न्यायचं.

चहा पिऊन ते तिघं खाली आले. करुणा कप गोळा करायच्या निमित्तानं वरच थांबली आणि रस्त्याकडच्या खोलीत शिरली. तिथं सगळ्यात जास्त खुणा होत्या. एका भिंतीवर लांब आडवी रेघ, करुणाच्या कमरेला लागेल एवढ्या उंचीवर, अगदी ओट्यासारखी. रेघेच्या वर ओळीनं चौकोन, आणि त्यातल्या दोनांत मुजीबनं 'पॉवर' लिहिलेलं. मिक्सरचा एक, शेगडीचा एक. आणखी काय पाहिजे?

स्वयंपाकघर. वरती दुसरं स्वयंपाकघर.

करुणा तिथंच विटांच्या ढिगावर बसली. नवरा, राजेंद्र, काविळीनं गेला तेव्हा अमृता मांडीवर होती. पैठणहून माहेरची माणसं तिला न्यायला आली, तेव्हा कडूबाई दारात आडव्या बसल्या होत्या. म्हणाल्या होत्या, "ही माही लेक हाय. नेत असाल तर मलाबी न्या." कुणाच्या नशिबात असली सासू असते? सासरे अप्पाराव असेपर्यंत बाजारातून येताना करुणासाठी आठवणीनं चाफ्याची फुलं आणायचे, 'पोरीच्या केसात बरी दिसतात' म्हणून. आकाश तेव्हा शाळेत. त्यानं वहिनीला कधी 'तुम्ही' म्हटलं नाही, आईला म्हणावं तसं 'तू'च म्हणत मोठा झाला. या घरानं आपल्याला काय दिलं नाही, याचाच विचार तिनं आजवर कधी केला नव्हता. दिलं तेच एवढं होतं.

आणि आता वर एक खोली, एक ओटा, एक मीटर. पोरगी उद्या तिच्या घरी जाईल. मग वर करुणा एकटीपुरती भाकरी थापणार, आणि खालून फोडणीचा वास येणार.

'भांडायचं नाय,' तिनं स्वतःला बजावलं. 'त्यांनी लई केलंय. त्यांना पाहिजे तसं होऊ दे.' शहाणपण होतं ते, पण शहाणपण संध्याकाळपर्यंतच टिकलं.

नव्या भिंतींना रोज पाणी मारायचं काम करुणाचं. आणि पाण्याचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. या शहरात नळाला पाणी येतं ते पाहुण्यासारखं, कधी येईल त्याचा नेम नाही आणि आलं की सगळं घर त्याच्या मागं. त्यामुळं करुणा भांड्यांचं, कपड्यांचं उरलेलं पाणी साठवायची आणि मगानं मोजून भिंतींवर मारायची. मुजीबनं बजावलं होतं, "भाबी, खडू के दीवार पे सोमवार तक पानी नक्को." व्हय म्हणाली होती.

त्या संध्याकाळी तिनं मग उचलला. रस्त्याकडच्या खोलीत गेली. पहिला मग त्या आडव्या रेघेवर मारला. खडू पाघळला. दुसरा 'पॉवर'वर. मग तिला थांबवेना. खालून ड्रममधलं पाणी बादलीनं आणलं, एक, दुसरी, आणखी एक, नळाचं, प्यायचं, झाकून ठेवलेलं पाणी, आणि भिंत वरपासून खालपर्यंत धुऊन काढली. खडू पुसल्यानं मीटर थांबत नसतं, एवढं तिला कळत होतं. पण हात ऐकत नव्हता. सगळ्या खुणा गेल्या तेव्हा ती ओल्या भिंतीला टेकून रडली, चेहरा पुसला आणि खाली येऊन भाकरी टाकल्या. सोनियाच्या ताटात नेहमीसारखी कडक भाकरी वाढली. तिला कडक आवडते.

रविवारी दिवस मावळायच्या सुमाराला मुजीब आला. दुसरीकडचं काम आटोपून, उद्या झिरी मारायच्या आधी एकदा शेवटचं बघायला. वर गेला, आणि क्षणात त्याचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू गेला.

"अरे आकाशभाई! मेरी दीवार किनें धोया?"

सगळे वर धावले. कडूबाईंना जिना चढवत नाही, त्या खालच्या पायरीवर बसून वर तोंड करून ऐकू लागल्या. सगळ्यात मागं करुणा.

"पूरा दिन गया था मेरा इस में!" मुजीब भिंतीवर थापा मारत होता. "बोला था पानी नक्को, बोला था के नै? कायकू मारे पानी?"

आकाशनं बायकोकडं बघितलं, मग वहिनीकडं. करुणानं बोलायला श्वास घेतला, तेवढ्यात सोनिया पुढं झाली.

"मी मारलं."

"तू?" आकाश चक्रावला.

"व्हय, मी. ताई कामात होत्या, म्हटलं आपण मारावं. माझ्या लक्षातच राह्यलं नाय खडूचं. मुजीबभाई, चुकी झाली माझी. परत आखून द्या ना."

करुणा तिच्याकडं बघतच राहिली. शनिवारी संध्याकाळी सोनिया हॉलमध्ये वह्या तपासत बसलेली होती, जागची उठली नव्हती. म्हणजे हिला कळलंय. बादल्या वर जाताना हिनं बघितलंय, आणि तोंडातून शब्द काढला नाही. आणि आता वायरमनसमोर ताईची शोभा नको म्हणून ही स्वतःच्या अंगावर घेतेय! जिला आपण कालपासून मनातल्या मनात 'घर फोडणारी' म्हणत होतो, ती ही.

खालून कडूबाईंचा आवाज आला. "सोनिया! खोटं बोलू नको, तुला जमत नाय ते. ड्रम रिकामा हाय. पिण्याचा! ह्या घरात एक वाटी पाणी सांडलं तर करुणा दिवसभर हळहळती. तिनं आख्खा ड्रम भिंतीवर वतला असंल, तर तिच्या काळजाला काय झालंय ते इचारा आधी. भिंतीचं मागून बघू."

झालं. सगळ्यांचे डोळे करुणाकडं वळले.

"मीच पुसलं," करुणा म्हणाली. "मुजीबभाई, तुमची मेहनत वाया घालवली, माफ करा. सोनिया, तूबी माफ कर गं. आकाश... मी काल जिन्यावर ऐकलं. वेगळं मीटर घ्यायलात. माझ्या नावानं."

आकाशच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "ऐकलंस तू?"

"घ्या. तुम्हाला पाहिजे असंल तर घ्या. तुम्ही लई केलंय माझ्यासाठी, मी विसरायची नाय. पण एकदा तोंडावर सांगायचं होतंस, वहिनी, आता वरती तुझी वेगळी चूल मांड. मी मांडली असती. लपवायला काय मी परकी हाय? वर ओटा आखलाय, पॉवर आखलाय, आणि मला चहा पाजायला लावताय!" आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू फुटलं.

"ओटा?" आकाश म्हणाला.

"ओटा?" सोनिया म्हणाली.

मुजीबनं पुसलेल्या भिंतीकडं बघितलं, करुणाकडं बघितलं, आणि एवढ्या सगळ्यात त्याला हसू फुटलं. "अरे भाबी! वो ओटा नै. वो टेबल है, कपडा काटने का टेबल!"

करुणाला काही उमगेना. सोनियानं तिचा हात धरला आणि तिला विटांच्या ढिगावर बसवलं.

"ताई, ते तुमचं दुकान हाय. ब्लाऊजचं. ही खोली कामून ठरवली, सांगा? रस्त्याकडंय, बाहेरून वेगळा जिना काढता येतो, गिऱ्हाईक घरातून जायला नको. हितं कापायचा टेबल, तितं मशीन, हा पॉवर इस्त्रीचा, तो दुसरा पिकोच्या मशीनचा. आणि दुकान म्हटलं, की घरच्या मीटरवर चालत नाय. दुकानाचं मीटर वेगळं, आणि ते ज्याचं दुकान त्याच्या नावानं. म्हणून तुमच्या नावानं. काही वेगळं नाय होणार, ताई. तुमच्या हातची भाकरी सोडून मी कुठं जाते?"

"मग लपवलं कशापायी?"

"तू नाय म्हणाली असतीस म्हणून!" आकाश एकदम बोलला. "तुला काय पाहिजे इचारलं तर काय म्हणालीस? एक बल्ब पुरे! वहिनी, तो एक बल्ब मला चांगला आठवतो. तुला आठवतो का?"

करुणानं मान हलवली. तिला आठवत नव्हता.

"वरच्या आळीत आपली एकच खोली होती तव्हा. एकच बल्ब. दादा गेल्यावर तू लोकांचे ब्लाऊज शिवायचीस, आणि मी तुझ्यासमोर बसून अभ्यास करायचो. मशीन नीट ठेवली तर उजेड तुझ्या सुईवर पडायचा आणि माझी वही अंधारात. म्हणून तू मशीन फिरवून बसायचीस, बल्बकडं पाठ करून. माझ्या वहीवर उजेड, आणि तुझ्या सुईवर तुझीच सावली. एकदा सुई बोटात गेली तुझ्या, आरपार. मी रडलो, आणि तू म्हणालीस, गप, पाढे म्हण."

"लहान होतास तू. तुला कशाला आठवतंय ते?" करुणा कसंबसं म्हणाली.

"मला आता वाळूजला शंभर माणसं साहेब म्हणतात, वहिनी. कुणाच्या उजेडावर म्हणतात, ते मी विसरू? तुला सांगायचं होतं, पण माझ्याच्यानं बोलवत नव्हतं. म्हटलं सगळं तयार करावं, मशीनवर लाईट लावावी, आणि तुला आणून बसवावं. बस."

खालून कडूबाई ओरडल्या, "मला समदं ठाऊक होतं! माहीच कल्पना होती दुकानाची! आकाशनं नुस्तं वायरमनला सांगितलं!"

"आई, तुझी कल्पना फोटोवरच्या लाईटची होती!"

"दोन्ही माह्याच!"

रडता रडता करुणाला हसू आलं. सोनियानं आपल्या ओढणीनं तिचे डोळे पुसले. "कालच विचारलं असतं मला तर," ती म्हणाली. "तुम्ही बादल्या न्यायला लागल्या तेव्हा मला वाटलं, कळलं ताईंना दुकानाचं, आणि नको म्हणून पुसायल्यात. म्हटलं झालं, आता काही ऐकत नाहीत ह्या. आख्खी रात्र मला झोप नाय."

"आणि मी तुला काय काय म्हणत होते मनात!" करुणा म्हणाली. "तुझ्या पाया पडायला पाहिजे मी."

"कडक भाकरी करा उद्या. चालंल."

मुजीबला या सगळ्यात उभं राहून कंटाळा आला असावा, किंवा त्याचेही डोळे पाणावले असावेत आणि ते कुणाला दिसू द्यायचे नसावेत. तो खेकसला, "रोना-धोना बाद में! उजाला जा रहा. निशान फिर से मारने हैं के नै?" आणि खिशात हात घातला. खडू नव्हता. तो घरी राहिला होता.

"थांबा," म्हणून करुणा खाली गेली आणि आपल्या शिवणाच्या डब्यातला खडू घेऊन आली, कापडावर माप आखायचा तो चपटा, निळा खडू. मुजीबनं हात पुढं केला, पण तिनं तो दिला नाही. ती स्वतः भिंतीपाशी गेली. भिंत दिवसभराच्या उन्हानं वाळली होती. तिनं कमरेशी हात धरून बघितला, मग वीतभर वर घेतला.

"टेबल इतका पाहिजे. एवढ्या खाली असला तर वाकून कंबर जाती. आणि इस्त्रीचा पॉवर ह्या अंगाला, उजव्या हाताला. तुम्ही डावीकडं घेतला होता."

"भाबी, कल बोलना था ना!"

"काल मला कुठं ठाऊक होतं?"

रेघ आखून झाली. मग मशीन कुठं, तर खिडकीपाशी. आता राहिली मशीनवरची लाईट. वर अजून वीज नव्हती, खोलीत अंधारून आलं होतं. मुजीबनं खालून लांब वायर ओढली, टोकाला होल्डर आणि त्यात बल्ब. करुणा पालथ्या घातलेल्या बादलीवर बसली, समोर मशीन आहे असं धरून. हात पुढं केले, डाव्या हातानं कापड धरल्यासारखं आणि उजव्या हाताचं बोट सुईच्या जागी.

मुजीब बल्ब धरायला गेला, पण आकाशनं तो त्याच्या हातातून घेतला.

"मी धरतो."

तो वहिनीच्या मागं उभा राहिला. सावली पूर्ण हातावर. उजवीकडं गेला. बोटाची सावली बरोब्बर सुईच्या जागेवर. समोरून धरला, तर डोळ्यात तिरीप.

"डावीकून बघ," करुणा म्हणाली. "थोडं वर. अजून. अजून थोडं माझ्याकडं."

आकाश दोन्ही हात उंच करून, टाचा उचलून उभा राहिला. भल्या थोरल्या माणसाच्या अंगाला घाम फुटला होता. सोनिया जागा धरून खूण करायला खडू घेऊन तयार.

"आता?"

करुणानं बोट हलवून बघितलं. तळवा उलटा केला, सुलटा केला. सगळा हात उजेडात होता. ज्या बोटात सुई गेली होती त्यावरचा पांढरा बारका डागही दिसत होता. इतकी वर्षं शिवणकाम केलं, पण आपला हात काम करताना कसा दिसतो, हे तिनं नीट असं बघितलंच नव्हतं.

"आता नाय पडत सावली."

"नक्की? परत बघ."

"नक्की. ठेव खाली, हात दुखंल तुझा."

"दुखू दे," आकाश म्हणाला आणि तसाच उभा राहिला. "तू बघून घे नीट."

करुणानं मग नीट बघून घेतलं. घाई केली नाही. सोनियानं खूण केली, गोल, निळी, आणि मग आकाशनं बल्ब खाली आणला. खालून कडूबाईंनी विचारलं, "काय चाललंय रे? भांडताय का पुन्हा?" तेव्हा सगळे हसले.

मुजीबनं सामान आवरलं. जिन्यापाशी जाऊन तो थांबला.

"एक बाकी रहा. जिने की लाईट. नीचे घर का मीटर अलग, ऊपर दुकान का अलग. जिना किस के मीटर पे लेना?"

"खालच्या," आकाश म्हणाला.

"हौ. खालच्याच," मुजीबही म्हणाला. "दुकान का मीटर महंगा पडता, भाबी. यूनिट का रेट जास्ती."

करुणानं जिन्यातल्या अंधाराकडं बघितलं. खालच्या पायरीवर कडूबाई बसल्या होत्या, काठीवर हनुवटी टेकून, वर बघत. वरच्या खोल्या पुऱ्या झाल्या, की याच जिन्यानं सोनिया सकाळी डबा घ्यायला खाली यायची होती, आकाश रात्री पाळीवरून वर जायचा होता. आणि चुलीवरची भाकरी उतरवून करुणा आपल्या दुकानात.

"जिन्याची लाईट माझ्या मीटरवर घ्या," ती म्हणाली. "महाग पडली तर पडू दे. आणि बटन दोन्हीकडं लावा. खालून लावायची, वरून बंद करायची."